तिसऱ्या बेटावरचे सहा तास

कयाक दोन माणसांची आणि अर्ज भरायला आलेला माणूस एकटा. तिथेच कचेरीतल्या अर्ज तपासणारीची भुवई वर गेली.

बंदराच्या कचेरीचा नियम साधा होता. बेटांकडे वल्हवत जायचं तर आधी आखणी लिहून द्यायची: निघणार कधी, कुठल्या बेटावर किती वेळ, परतणार कधी. शिवाय किनाऱ्यावरच्या एका माणसाचं नाव, म्हणजे तुम्ही वेळेत आला नाहीत तर कचेरीत येऊन बोंब मारणारं कुणीतरी. मग तिची तांबडी पेन्सिल फिरायची आणि शेवटी शिक्का बसायचा.

नऊ वर्षं ती लोकांचं जाणं-येणं टिपत होती आणि माणसांविषयी तिचं मत काही फारसं चांगलं झालं नव्हतं. सहाला येतो म्हणून लिहितात, आठला उगवतात. एकाने तर किनाऱ्यावरचं माणूस म्हणून तिचंच नाव घातलं होतं आणि तो आलाच नाही. बुडाला वगैरे नव्हता... पलीकडच्या बंदरावर दुसरीबरोबर सुखरूप उतरला होता. त्यानंतर तिने नावेत पाय ठेवला नव्हता.

आताचा हा नावा दुरुस्त करणारा. दोन महिन्यांपूर्वी गोदीत लागलेला. केसांत लाकडाचा भुसा, बोटांना वॉर्निश.

"दुसऱ्या सीटवर कोण?"

"अजून विचारलं नाही."

"आणि किनाऱ्यावरचं माणूस?"

"इथे माझं कुणी नाही हो."

कुणी नाही, पण सीट मात्र दोन. तिने पेन्सिलीला टोक काढलं.

"तिसऱ्या बेटावर तुम्ही दहाला पोचताय. दहानंतर तिथलं पाणी ओसरतं, सगळा गाळ उघडा पडतो. चारपर्यंत नाव तसूभर हलणार नाही. सहा तास करणार काय? ना झाड, ना झोपडी. एक बंद पडलेला दीपस्तंभ आहे नुसता."

त्याने कान खाजवला. "मी बहुतेक मागच्या महिन्याचं पान बघितलं."

मग तिने भरती-ओहोटीचं कोष्टक उलगडून त्याला वीस मिनिटं समजावलं. तो पानाकडे कमी आणि तिच्या पेन्सिलीकडे जास्त बघत होता. हेही तिने टिपलं.

पुढच्या गुरुवारी तो नवी आखणी घेऊन आला. चूक तीच. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तीच.

"ज्याचा दिवस नावेच्या पोटाखाली जातो, त्याला कोष्टक वाचता येत नाही?" तिने घरी मावशीला विचारलं. "कुठेतरी पाणी मुरतंय."

मावशी मटार सोलत होती. "त्याला बायको असेल आणि तिला त्या बेटावर सोडून यायचं असेल."

"मावशी, मी गंभीरपणे बोलतेय."

"मीही. दिसायला कसाय?"

"मी कशाला बघू?"

"केसांत भुसा असतो म्हणालीस मगाशी."

तिने एक शेंग उगाचच दोनदा सोलली.

चौथ्या गुरुवारी त्याने अर्ज पुढे सरकवला. तिने तो उघडलाच नाही, शिक्का ओढून मांडीवर घेतला.

"आधी खरं सांगा. त्या बेटावर काय पुरताय? की कुणाला भेटताय?"

"कुणालाच नाही."

"मग तीन वेळा तीच चूक? वेड घेऊन पेडगावला जाऊ नका. अशी माणसं मी रोज बघते."

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. धक्क्यावर लाटा सावकाश आपटत होत्या.

"पहिल्यांदा खरंच चुकलं," तो म्हणाला. "तुम्ही वीस मिनिटं समजावलंत. नीट लिहून आणलं असतं तर शिक्का मारून दोन मिनिटांत वाटेला लावलं असतं. म्हणून मग... चुकत राहिलो."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण दुधाने तोंड पोळलेलं, ताकही फुंकायलाच हवं.

"हे आधीच्या बंदरावर कितीजणींना ऐकवलंत?"

"आधीच्या बंदरावर कोष्टक भिंतीवर टांगलेलं होतं. भिंतीला काय ऐकवणार?"

हसू येऊ नये म्हणून तिने अर्ज उघडला. एकही चूक नव्हती. तिसऱ्या बेटावर नऊला पोहोच, साडेनऊला निघणं, दुपारी दोनला परत. वाचता वाचता तिला कळलं: नीट लिहून आणलंय, म्हणजे पुढच्या गुरुवारी हा येणार नाही.

मग दुसऱ्या सीटच्या रकान्याकडे नजर गेली. तिथे तिचं नाव होतं. त्यापुढचा वजनाचा रकाना कोरा.

"हे का नाही भरलं? लाइफ जॅकेट वजनावर मिळतं."

"तेवढं विचारायचं धाडस झालं नाही."

तिने पेन्सिलीचं टोक परतीच्या वेळेवर टेकवलं. "दोनला परत लिहिलंय. लोक लिहितात काहीही."

"तुम्ही नावेत असाल," तो हळूच म्हणाला. "मी परत आलो नाही, तर तुम्हीही आलेल्या नसाल. पळून जायचं म्हटलं तरी तुम्हाला घेऊनच जावं लागेल."

तिने हा हिशोब उलटसुलट करून पाहिला. खोट सापडली नाही. म्हणूनच ती जरा घाबरली.

किनाऱ्यावरच्या माणसाच्या रकान्यात तिने मावशीचं नाव लिहिलं. एक मिनिट उशीर झाला तर मावशी अख्खं बंदर डोक्यावर घेईल, याबद्दल तरी तिला शंका नव्हती. वजनाचा आकडा तिने तळहाताच्या आडोशाने टाकला. खरा टाकला, नियम म्हणजे नियम. मग तांबडी पेन्सिल उचलली, नऊ खोडून दहा केले, साडेनऊचे चार आणि दोनच्या जागी सहा.

"अहो," तो दचकला, "दहाला पोचलो तर चारपर्यंत..."

"कोष्टक मला शिकवू नका." तिने शिक्का मारला. "तुमच्याबद्दल मला अजून बरंच विचारायचंय. सहा तास तरी लागतीलच."