गोधडीतलं झाड

काचगृहाचं छत सरकलं आणि किन्नौरच्या डोंगरावरची थंडी आत उतरली. एकाच झाडाच्या छाटकलमांतून वाढवलेली अव्होकाडोची चाळीस झाडं आज प्रथमच उघड्यावर राहणार होती. आजच्या चाचणीत, उणे नऊ अंशांत, संशोधन केंद्रातलं एक तरी झाड सकाळपर्यंत तगायला हवं, नाहीतर केंद्र बंद. अन् वत्सलाताईंनी आठ वर्षं जपलेलं मूळ झाडही जाणार.

"धाकधूक होतेय हो, ओगले."

"ताई, तुम्हीच शिकवलंत ना? थंडी सोसलेलं झाड ती विसरत नाही. पुढच्या वेळी गारठ्याआधीच रस आवरून घेतं. हीच शीतस्मृती. छाटकलम म्हणजे त्याच झाडाचा तुकडा, आठवणींसकट येतो. बी मात्र पाटी पुसून जन्माला येते."

"म्हणून माझी बियांची रोपं खतखड्ड्यामागे टाकलीत!"

"दोन वर्षं झाली त्याला, अजून राग गेला नाही? तुमच्या झाडानं आठ हिवाळे उघड्यावर काढलेत. त्याची कलमं मरतील कशी?"

मांडीवरची जुनी गोधडी ताईंनी जवळ ओढली.

पाच वाजता ऊन डोंगरामागे गेलं. त्याबरोबर चाळीसही झाडांची पानं हळूच मिटली; अंगाई सुरू होण्याआधी मुलं डोळे मिटतात तशी. झाडांतला रस मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर रेघ खाली यायला हवी होती, ती वर चढू लागली.

"हे काय? ही तर निर्धास्त झाली!"

"माझी वाट बघताहेत," ताई पुटपुटल्या. "हिवाळ्यात रोज पाचला मी मूळ झाडाला गोधडी पांघरवायची. नोंदवहीत नाही लिहिलं. खांद्याएवढं तर होतं मेलं, राहवायचं नाही."

ओगल्यांनी नोंदवही बाजूला सारली. "म्हणजे त्याला थंडी ठाऊकच नाही!"

"ऊब ठाऊक आहे."

झाडं चाळीस, गोधडी एक. शिवाय आज पांघरूण घालायचं नाही, अशीच चाचणीची अट होती.

सकाळी चाळीसही झाडं काळी पडलेली होती. ताई खतखड्ड्यामागे गेल्या. तिथे बर्फातून बियांची, गुडघाभर उंचीची तीन रोपं वर आली होती. पानं कडांना तांबूस, मध्ये गर्द हिरवी.

"यांना कुणी पांघरूण घातलं?" ओगल्यांनी विचारलं.

"कुणीच नाही. म्हणून तर शिकली."

ताईंचा हात सवयीनं गोधडी पसरायला पुढे गेला. मग थबकला. त्यांनी ती स्वतःच्याच खांद्यांभोवती लपेटून घेतली.