राहिलेला तिसरा डाव

कोलशेतच्या कोळीवाड्यात नामाने पंच्याण्णव साली व्हिडीओ गेम आणला तो भाच्यासाठी. भाच्याला तो मिळालाच नाही, कारण मामीने आधी खेळून पाहिला. मासळी विकून चंद्रभागा दुपारी घरी यायची, हात धुवायची आणि पदर खोचून टीव्हीपुढे बसायची. कंपनीतली पहिली पाळी संपवून नामा आला, की सुरू. कॅसेटी तीन होत्या, पण ती बॉक्सिंगचीच लावायची. नवऱ्याला बडवायची अशी उघड सोय दुसरीकडे कुठे मिळणार?

लाल बॉक्सर त्याचा, निळा तिचा. वरचं बटण दाबून तोंडापुढे हात धरायचे, खालचं दाबून पोट सांभाळायचं. ताकदीची पट्टी संपली की बॉक्सर आडवा, आणि पंच दहा अंक मोजायचा. तेवढ्यात ठोशाचं बटण भराभर दाबलं तर उठता यायचं. चंद्रभागा तीनदा दाबायची, श्वास घ्यायची, पुन्हा तीनदा. टक टक टक. नामा त्यावरून तिला चिडवायचा, पण उठायची तीच. रोज तीन डाव, आणि हरेल त्याने चहा करायचा. नामाला चहा फर्मास जमू लागला होता.

एकच गोष्ट तिला खुपायची. खेळ थांबवायचं बटण फक्त पहिल्या रिमोटला होतं, तिच्या रिमोटला नव्हतं.

"अवो, मना थांबवाचा असंल तं?"

"मना सांग. मी थांबवीन."

त्या दिवशी दोघांनी एकेक डाव जिंकला होता. तिसऱ्यात तिच्या हातातला रिमोट चटईवर पडला, मान खाली गेली. नाटक करतेय असं वाटून नामाने आणखी दोन ठोसे मारून घेतले. मग तिच्याकडे पाहिलं.

दहाव्याला खाडीकाठी पिंडाला कावळा शिवेना. नामाचा भाऊ दामाजी याने घराचं, होडीचं, भाच्याच्या शिक्षणाचं, सगळी वचनं देऊन पाहिली. उन्हं चढली. शेवटी नामा पुढे झाला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "रायलेला डाव पुरा करीन गं."

कावळा खाली आला.

मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडता येत नाही. पण डाव पुरा झाला की ती कायमची जाणार, हेही नामाला कळत होतं. त्याने महिनाभर टाळलं. मग एका शुक्रवारी, कंपनीच्या आठवडी सुट्टीच्या दुपारी, तिचा रिमोट तिच्या जागी चटईवर ठेवला आणि कॅसेटीला फुंकर मारून खेळ लावला.

निळा नुसता उभा राहिला. तशाला मारायचं नामाच्या जिवावर आलं, तरी एक ठोसा मारला. दुसरा ठोसा निळ्याने हातांवर घेतला.

नामाने चटईकडे पाहिलं. रिमोट होता तिथेच होता. वरचं बटण आत दबलेलं होतं.

घाबरायला हवं होतं. त्याला हसू आलं आणि डोळे भरले. ती पूर्वीसारखीच पोटात मारत होती.

"आस्ते गं," तो सवयीने म्हणाला.

मग त्याचा एक ठोसा नीट बसला. निळा आडवा झाला. पंच मोजू लागला.

टक टक टक.

"ऊठ गं, चंद्रे."

सहा. सात. टक टक टक.

नवाला नामाने थांबवायचं बटण दाबलं.

पडद्यावर नऊचा अंक थिजला. डाव पुरा नाही, म्हणजे ती इथेच. नामाने खुशीत चहा टाकला, दोन कप भरले. तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, टीव्ही काळा झाला.

बटण वाजायचं थांबलं नाही. तीनदा, मग श्वासाएवढी उसंत, पुन्हा तीनदा. नामाने आपल्या रिमोटचं थांबवायचं बटण पुन्हा दाबून पाहिलं. मग तिच्या रिमोटची वायर उपटली.

टक टक टक.

संध्याकाळी वीज आली. खेळ पहिल्यापासून सुरू झाला. लाल आणि निळा समोरासमोर ताजेतवाने उभे होते, नऊचा अंक कुठेच नव्हता.

चटईवर ती अजून उठायला बघत होती.