टाळीच्या आधी

मेंदूचा आलेख काढण्याचं काम मी एकवीस वर्षं करतोय. डोक्याला चिकट मलम लावायचं, तारा जोडायच्या, पडद्यावर सरकणाऱ्या रेषा बघत बसायचं. शेवटी एक टाळी वाजवायची, आवाजानं रेषा हलतात का ते पाहायला. हात आता आपोआप वाजवतात. या कामाचा कंटाळा येतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

त्या दुपारी खाटेवर माझी भाची होती, नऊ वर्षांची. दहाव्या महिन्यात तिला गोवर आला होता. आठवड्यात ती बरी झाली, आम्ही विसरूनही गेलो. पाहुणा गेला म्हणून दार लावून घ्यावं आणि तो आतल्या खोलीतच बसलेला निघावा, तसं झालं. आठ वर्षं तो विषाणू तिच्या मेंदूत गुपचूप होता. मग तिची गणितं चुकू लागली, हातातून पेला सुटू लागला, एकेक शब्द गेला. दर आठ सेकंदांनी तिचा हात उडायचा आणि पडद्यावर उंच लाट यायची. डॉक्टर म्हणाले होते, आता फार दिवस नाहीत.

आज लाट आली नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मी तारा पुन्हा तपासल्या, त्या ठीक होत्या. माझी ताई, तिची आई, श्वास रोखून बसली होती.

"मामा," भाची स्पष्ट बोलली. चार महिन्यांनी. "हळू. तो झोपलाय."

कोण, ते आम्ही विचारलं नाही. ताई तोंडावर हात धरून रडली. मग लेकीच्या कानाशी कुजबुजली, की घरी जाऊ, शाळेत जाऊ. भाचीनं न अडखळता मैत्रिणींची चौकशी केली. माझ्या जिवात जीव आला.

तिसाव्या मिनिटाला नोंद संपत आली आणि मी टाळी वाजवली.

भाचीचा हात उडालेला दिसला.

"मामा, उठवलंस ना," ती म्हणाली. रागानं नव्हे, दमून.

ते तिचं शेवटचं वाक्य.

पुढच्या आठवड्यात मी ती नोंद एकट्यानं उघडली. आमचं यंत्र खोलीतला आवाजही टिपतं. टाळीची रेघ परतून आलेल्या लाटेनंतर होती. पूर्ण एक सेकंद नंतर. म्हणजे मी टाळी वाजवली तेव्हा तो जागाच होता.

ताईला मी हे सांगितलेलं नाही. तिनं मला एका शब्दानंही बोल लावला नाही. घरात ती अजून कुजबुजतच बोलते, दारं हातानं धरून लावते.