शीतखोलीतली पिवळी पिशवी

फोन आला तेव्हा भट्टीवाले काका नेहमीसारख्या पिशव्या तोलत होते. इस्पितळातला घातक कचरा जाळायचं काम वीस वर्षं त्यांच्याकडे होतं. माणसाच्या अंगातून कापून काढलेलं जे असेल ते पिवळ्या पिशवीत यायचं, आणि अठ्ठेचाळीस तासांत भट्टीत जायचं.

"काका, सही करायला वर या," सिस्टर म्हणाली. "काकूंचा पाय वाचत नाही."

साखरेने सडलेला बायकोचा डावा पाय संध्याकाळी पिवळ्या पिशवीतून खाली आला. वजन, वॉर्ड, तारीख काकांनी स्वतःच लिहिलं. पण भट्टीकडे हात जाईना. पिशवी त्यांनी शीतखोलीत, पार मागे ठेवली.

सकाळी काकू शुद्धीवर आल्या.

"अहो, पाय फार गारठलाय. पांघरूण घाला ना."

"कुठला?"

"डावा." त्या कसनुशा हसल्या. "गेला तरी छळतोय मेला. तुमच्यावर गेलाय."

"होतं असं, काकू," सिस्टर म्हणाली. "मेंदूला कळायला वेळ लागतो."

काकांना ते पटलं. तरी दुपारी दोनला शीतखोलीत शिरून, हातमोजा काढून, त्यांनी पिशवीवर हात ठेवला. कॉम्प्रेसर घरघरत होता. जंतुनाशकाचा वास नाकात झोंबत होता. ते बराच वेळ तसेच उभे राहिले.

वर गेले तेव्हा काकूंचा चेहरा निवळला होता.

"मघाशी कुणीतरी तळपायावर हात ठेवला... दोनच्या सुमाराला. खरखरीत होता. पण इतकं बरं वाटलं."

काकांनी आपला तळहात उलटून पाहिला.

तिसऱ्या दिवशी सुपरवायझर यादी घेऊन आला. "काका, एक पिवळी राहिलीय. तुमच्याकडून कशी राहिली?"

"टाकतो, साहेब."

भट्टी हजार अंशांवर धगधगत होती. पिशवी घेऊन काका दाराशी आले. झळ लागली. तोच शेजारच्या भिंतीवरचा फोन वाजला. त्यांनी एका हाताने उचलला.

"काका, लवकर या..." सिस्टरच्या आवाजामागे किंकाळी होती. "काकू म्हणतायत, पाय भाजतोय..."

पिशवी छातीशी धरून काका मागे सरले. एक पाऊल... दोन... फोनमधली किंकाळी थांबली.

त्यांनी भट्टीचं दार लावलं, पिशवी परत शीतखोलीत मागे ठेवली. वहीत 'जाळली' असं लिहिलं.

आता काकू खोट्या पायावर घरभर हिंडतात. डावा पाय गार पडतो एवढीच तक्रार. दुपारी दोनला मात्र पडल्या पडल्या स्वतःशी हसतात.

काकांची निवृत्ती शुक्रवारी आहे. त्यांच्या जागी आलेल्या माणसाला त्यांनी भट्टी दाखवली, वजनकाटा दाखवला, वही दाखवली. त्या पिशवीबद्दल अजून सांगितलेलं नाही.