‘पाहिजे’ कोणाचे?

आपल्यापाशी गरजेहून थोडे अधिक आहे आणि दूर कोठे तरी एखाद्या अपरिचिताला त्या थोडक्यावाचून जगता येणार नाही, अशा वेळी ते देणे हा केवळ मनाचा चांगुलपणा आहे, की बुद्धीलाही मान्य करावे लागेल असे ते कर्तव्य आहे? हा प्रश्न फार प्राचीन आहे. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील एका लहानशा वेधशाळेत तो बारा वर्षांच्या शाल्मलीपुढे उभा राहिला, तेव्हा मात्र उत्तर शोधायला वेळ फार थोडा होता.

वेधशाळेत शाल्मली आणि तिचे आजोबा असे दोघेच राहत. आबा भाषाशास्त्रज्ञ होते. यंत्रांना मराठी शिकवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांचा तिसरा सोबती म्हणजे अनुचर नावाचा यंत्रमानव. हवेच्या टाक्या आणि बाहेर जाण्याची एकमेव गाडी त्याच्या स्वाधीन होती. राखीव हवा कोणाच्याही नुसत्या इच्छेने खर्च करायची नाही, बुद्धीला पटेल असे कारण असेल तरच करायची, असा नियम आबांनीच त्याला घालून दिला होता.

त्या दिवशी संदेशयंत्रातून एक क्षीण आवाज आला. दूरच्या वसाहतीतील दोल्मा नावाच्या खनिजशोधक बाईंची गाडी एका विवरात उलटली होती. त्यांच्या माणसांना तेथे पोहोचायला एक दिवस लागणार होता. हवा मात्र काही तासांचीच उरली होती.

“अनुचर, गाडी काढ. आपण मदतीला गेलं पाहिजे,” शाल्मली म्हणाली.

“शाल्मलीताई, काल तुम्ही म्हणालात, ‘मला गूळपोळी पाहिजे.’ तिथे ‘पाहिजे’चा अर्थ मी ‘इच्छा’ असा लावला. इथेही तोच लावू का?”

“गूळपोळी आणि माणूस एकच का रे, ठोंब्या?”

“तेच विचारतो आहे. राखीव टाकी गेली, तर पुरवठ्याचं यान येईपर्यंत तुम्हा दोघांपाशी जादा हवा उरणार नाही. इच्छा पुरेशी नाही. कारण सांगा.”

पायाला प्लास्टर घातलेले आबा खुर्चीत बसून होते. शाल्मली त्यांच्याकडे वळली. “आबा, तुम्ही सांगा ना त्याला.”

“माझीही तो इच्छाच समजेल, बाळ. मीच तसं शिकवलंय. कारण तुलाच शोधावं लागेल. एवढं मात्र सांगतो. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’ या क्रियापदाचंच जुनं कर्मणी रूप आहे (करणारा मागे राहतो आणि जे केलं जातं ते पुढे येतं, असं रूप). जे पाहिलं जातं ते ‘पाहिजे’. आता कुठून पाहिलं जातं, याचा विचार कर.”

कुठून? शाल्मलीने क्षणभर डोळे मिटले. मग ती अनुचरसमोर जाऊन उभी राहिली.

“दगड या टेकडीवरून टाकला काय किंवा त्या टेकडीवरून टाकला काय, पडण्याचा नियम तोच राहतो, असं तू शिकवलंस ना?”

“होय. त्याला सममिती म्हणतात (अदलाबदल केली तरी न बदलण्याचा गुण).”

“मग ‘मला गूळपोळी पाहिजे’ यात ‘मला’ काढून तुझं नाव घातलं तर?”

“वाक्य खोटं ठरेल. मी खात नाही.”

“आणि ‘ज्याची हवा संपत आली आहे त्याच्या मदतीला गेलं पाहिजे’ यात?”

“त्यात कोणाचं नावच नाही. त्या जागी दोल्माबाई असोत वा तुम्ही, वाक्य टिकतं. परंतु ‘प्रत्येकाने आपापली हवा राखावी’ यातही नाव नाही. तेही टिकतं.”

संदेशयंत्रातून दोल्माबाईंचा जड श्वास ऐकू येत होता. तो ऐकता ऐकता शाल्मलीला आपणच त्या विवरात उलटे लटकलो आहोत असे वाटले.

“नाही टिकत,” ती म्हणाली. “तू ते इथून वाचलंस. आता त्या उलटलेल्या गाडीत बसून वाच. आपल्या वाट्याला कोणती जागा येणार हे आधी ठाऊक नाही असं धर, आणि दोन्ही नियम तोलून बघ.”

“मदतीला जाण्याच्या नियमाने इथल्यांची काही दिवसांची निश्चिंती जाते. हवा राखण्याच्या नियमाने तिथे जीव जातो. जागा ठाऊक नसेल, तर विचारी माणूस मदतीचाच नियम निवडेल. पण ताई, मला जागा ठाऊक आहे. आपण इथे आहोत. मग तिथून का पाहायचं?”

खरा कठीण प्रश्न हाच होता. पण आता शाल्मली मागे हटणार नव्हती.

“कारण तू कारण मागतोयस,” ती सावकाश म्हणाली. “माझी इच्छा चालत नाही म्हणालास. मग ‘हवा आमची, ती आम्हाला ठेवायची आहे’ हे तरी दुसरं काय आहे? इच्छाच ना? दोल्माबाईंनी ‘का’ विचारलं तर काय सांगशील? ‘आम्ही इथे आहोत म्हणून’? जे उत्तर फक्त देणाऱ्यालाच पटतं ते कारण नसतं. कारण हवं असेल तर दोन्हीकडून पाहावंच लागतं. तसं पाहायचं नसेल, तर मलाही कारण विचारू नकोस.”

अनुचरच्या छातीवरचा निळा दिवा मंद झाला, मग स्थिर झाला.

“‘पाहिजे’चे दोन अर्थ नोंदवतो. एक, स्वतःच्याच जागेवरून पाहिलेलं. दुसरा, सर्वांच्या जागेवरून पाहिलेलं. गाडी काढतो.”

अनुचर आणि राखीव टाकी घेऊन गाडी धूळ उडवीत टेकडीमागे गेली. शाल्मलीने विचारले, “आबा, मग बुद्धीला पटलं की माणसं तसं वागतातच का?”

“नाही. बुद्धी वाट दाखवते. पाऊल आपल्यालाच उचलावं लागतं. आता हवा जपून वापरायची. तुझं धावणं बंद आणि बडबड अर्धी.”

“म्हणजे सगळा त्याग माझ्याच वाट्याला.”

अनुचर दोल्माबाईंना आधार देत आत घेऊन आला, तेव्हा त्यांचे पहिले शब्द होते, “तुम्हाला हवा कमी पडेल ना?”

“पडेल थोडी,” शाल्मली म्हणाली. “बसा. हळू श्वास घ्या.”

अनुचरने आबांना विचारले, “हा दुसरा अर्थ इतर वसाहतींतल्या यंत्रांना कळवू का?”

“कळव. पण नुसता अर्थ नको, ताईने दिलेल्या कारणासह कळव. त्यांनाही तपासू दे.” आबांनी एक हात नातीच्या मस्तकावर ठेवला आणि दुसरा, अनुज्ञा मागितल्यासारखा क्षणभर थांबून, दोल्माबाईंच्या.

“ज्याने साद घातली त्याचा आणि जो धावून गेला त्याचाही श्वास दीर्घ असो,” ते हळूच म्हणाले.