होडीचा वाटा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की अलिबागच्या रस्त्यावर मुंबईच्या गाड्या आणि माझ्या मोबाइलवर सेलच्या जाहिराती, दोन्हींची रांग लागते. गाड्यांचं मी काही करू शकत नाही. सेलचं करते. गरज असो नसो, काहीतरी घेतल्याशिवाय माझं वर्ष संपत नाही. स्वस्त दिसलं की तुझा हात खाजतो, असं आई म्हणते आणि ते खरं आहे.

मी अलिबागला एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवते आणि थळला आई आणि धाकटा भाऊ गणराज यांच्याबरोबर राहते. कोळ्याच्या घरात जन्मून मला साधी भरती-ओहोटी कळत नाही, यावरून गणराज मला उभा जन्म चिडवत आलाय. कुणी विचारलं तर मी मोबाइल काढून बघते आणि सांगते. त्यात लाज वाटण्यासारखं मला काही दिसत नाही. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, ते सापडायला फक्त वेळ लागतो, असं मी क्लासमध्ये मुलांना सांगते. अजूनही सांगते, फक्त आवाज जरा कमी झालाय.

आमची लाकडी होडी होती, मैना. बाबा तिचे तांडेल, म्हणजे होडीवरचे मुख्य. दोन वर्षांपूर्वी बाबा दुखण्यानं गेले. मैनेच्या फळ्या कुजायला आल्या होत्या. गणराजनं त्याचा मित्र हिरामण याच्यासोबत फायबरची नवी होडी घेतली आणि मैना नागावच्या एका रिसॉर्टला देऊन टाकली. त्यांनी तिला वाळूत बसवली, अंगावर दिव्यांच्या माळा सोडल्या आणि आत बार केला. लोक तिच्या नाळेला टेकून फोटो काढतात. नाळ म्हणजे होडीचं नाक, बाबा तिथं दर पुनवेला नारळ फोडायचे. गणराज आता नागावच्या रस्त्यानं जात नाही. आतल्या रस्त्यानं लांबचा वळसा घालतो.

तर त्या वर्षअखेरीच्या सेलमध्ये व्हिडिओ गेमवर भरघोस सूट होती. वर्षभर ज्यांचा गाजावाजा झाला, बक्षिसं मिळाली, ते सगळे गेम भाजीच्या भावात. हिरामणचा जुना कन्सोल आमच्या पडवीतच पडलेला असायचा, पूर्वी जाळी ठेवायचे तिथं. मी दोघांना टीव्हीसमोर बसवलं आणि म्हटलं, निवडा, माझ्याकडून.

तलवारीचे गेम गेले, फुटबॉल गेला, मेलेली माणसं उठून पळतात तो गेला. गणराजचा अंगठा एका जहाजावर थांबला. चार खलाशांनी मिळून चालवायचं जहाज. एक सुकाणूवर, एक शिडावर, एक नांगरावर, एक पुढं नाळेवर.

"सकाली दर्यान, सांजचे परत दर्यान?" हिरामण म्हणाला. "येडा हायस काय?"

"ह्यो दर्या भिजवत न्हाय," गणराज म्हणाला.

तो झाला तांडेल, त्यानं सुकाणू घेतलं. शीड हिरामणला आणि नांगर मला. चौथ्या जागेवर कोण, असं मी विचारलं, तर तो सहज म्हणाला, "होरीचा वाटा."

हे सांगायला हवं. आमच्याकडे मासळीचे वाटे पडतात तेव्हा माणशी एक, तांडेलाला दोन आणि एक होडीचा. होडीला डागडुजी लागते, डांबर लागतं, म्हणून तिचा वाटा. सरळ हिशेब आहे, त्यात काही गूढ नाही. पण सवय इतकी हाडात भिनलेली की त्यानं चौथ्या खलाशाचं नाव म्हणून 'मैना' असं टाइप केलं, आणि आपण काय केलं हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

आई उंबऱ्याशी सुकट निवडत होती. तिचा हात थांबला.

"मैनेचा वाटा कारलाव?"

"गेममदी गो आये."

"वाटा कारला म्हंजे बलावना केलाव," आई म्हणाली आणि पुन्हा सुकट निवडायला लागली. वाटा काढला म्हणजे बोलावणंच धाडलं, म्हणे. मी हसले. टीव्हीत काय माशांचे वाटे पडणार आहेत!

दोन दिवस मजेत गेले. चौथा खलाशी नाळेवर पाठमोरा उभा असायचा. त्याला चालवणारं कुणी नव्हतं. त्याचा कंट्रोलर फळीवर पडलेला होता आणि त्यातल्या बॅटऱ्या मीच काढून टीव्हीच्या रिमोटला घातल्या होत्या.

मग एका दुपारी आम्ही गेममधल्या बंदरात जहाज बांधलं आणि चहा प्यायला उठलो. परत आलो तर जहाज बंदराबाहेर होतं. दोर सुटलेला. चौथा खलाशी नाळेवर होता तिथंच.

"रिकाम्या जागी कॉम्प्युटर खेळतो," मी म्हटलं. सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं. ती सोय बंद होती. मी ती चालू केली, पुन्हा बंद केली आणि इंटरनेटची वायर काढून ठेवली. जहाज बांधलं की थोड्या वेळानं दोर सुटायचाच. मग मी खलाशाचं नाव बदलून 'अबक' केलं. दिवसभर तो खांबासारखा उभा राहिला, दोर सुटला नाही. पुन्हा 'मैना' केलं. दोर सुटला.

मला कारण सापडत नव्हतं आणि त्याचा राग येत होता. हिरामणनं तर सरळ हात टेकले. "ताई, काढून टाक ना ते. लोड नको घेऊ," म्हणाला आणि यायचाच बंद झाला.

गणराजला मात्र नवल वाटलं नाही. तो खेळायचाही नाही, नुसता बघत बसायचा. बसायचा तरी कसला, ओट्यावर जायचा, आत यायचा, पाणी प्यायचा, पुन्हा ओट्यावर. जेवताना त्याचा पाय हलत राहायचा, पितळी वाजायची. नव्या होडीवर जायचं त्यानं टाळलं. मी ओरडले तर म्हणाला, "ती आशीच. बांदून ठेवली की दाव तोरायची. बाबाच तिला समजवायचं."

"गणू, तो गेम आहे."

"मना ठाव हाय," तो म्हणाला आणि उठून ओट्यावर गेला.

तीस तारखेला फळीवरचा कंट्रोलर थरथरायला लागला. गेममध्ये लाट आदळली की कंट्रोलर हातात थरथरतो, तशी सोयच असते. पण टीव्ही बंद होता. मी कंट्रोलर उचलला, मागचं झाकण उघडलं. बॅटऱ्यांच्या खाचा रिकाम्या. तो माझ्या मुठीत थरथरत राहिला. डांबराचा आणि माशाच्या तेलाचा वास आला, बाबा होडीला चोळायचे तो. मी कंट्रोलर तांदळाच्या डब्यात घालून झाकण लावलं आणि स्कूटर काढून नागावला गेले.

रिसॉर्टवर थर्टी फर्स्टची तयारी चालली होती. फुगे, मांडव, खुर्च्या. रुचिका नावाची मॅनेजर मुलगी, पनवेलकडची, गोड बोलणारी. मैना आमची होती म्हटल्यावर तिनं माझा हातच धरला.

"बरं झालं आलात. मॅडम, ह्या लाकडाला काही औषध असतं का? खालून ओलीच राहते. भरतीचं पाणी इथपर्यंत येत नाही, तरी. आणि आम्ही तिचं तोंड रस्त्याकडे ठेवलं होतं ना, फोटोसाठी. ती फिरते. जेसीबी लावून सरळ केली, परत फिरली. इंजिनीअर म्हणतो वाळू बसते."

मैनेची नाळ समुद्राकडे होती. दिव्यांच्या माळा ताणून तुटायला आल्या होत्या. मी तिच्या फळीवर हात ठेवला. उन्हात उभ्या लाकडाला गारवा होता आणि आतून बारीक थरथर येत होती, अगदी डब्यात टाकून आलेल्या कंट्रोलरसारखीच.

"जनरेटर चालू आहे का?" मी विचारलं.

"तो उद्या येणार आहे," रुचिका म्हणाली.

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गणराज शांतपणे ऐकत होता. पहिल्यांदाच त्याचा पाय हलत नव्हता.

"मी उद्या जातो," तो म्हणाला. "तिला तांडेल लागतो."

"आणि काय करणार जाऊन?"

उत्तर दिलं ते आईनं, माझ्याकडे बघून. "आमुशा जाली. उद्या दुपारचा उधान हाय. ती जानार, किशे. पन एकटी न्हाय जायाची. तांडेलाला घेवन जाईल." आणि मग तिनं पदर तोंडाला लावला. बाबा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मला भीती वाटली. खरीखुरी. नवरा गेला तेव्हा तिच्याकडे मुलगा होता. आता तो गेला तर?

एकतीसला दुपारी गणराजनं बाबांची कमरेची सुरी खोचली आणि दाराकडे निघाला. मी दारात आडवी उभी राहिले. माझ्या भावाला अडवणं म्हणजे बैलाला अडवणं. तो मला उचलून बाजूला ठेवणार हे दिसत होतं. जे तोंडात आलं ते बोलले.

"गेम कुणी घेतला? मी. कन्सोल कुणाच्या घरात? वाटे तू पाडलेस, पण माल माझा आहे. तांडेल मी. ऐकलंस? आजपासून तांडेल मी."

तो थबकला. बाई तांडेल म्हणजे आमच्याकडे हसण्यावारी न्यायची गोष्ट. तो हसला नाही.

मी टीव्ही लावला, त्याचा कंट्रोलर घेतला आणि सुकाणूवर जाऊन उभी राहिले. माझं डोकं अजून ठिकाणावर होतं. थोडं फिरवून आणू, भरती उतरेल, हा निवळेल, संध्याकाळी सगळं पुसून टाकू. जहाज बंदरात बांधलेलं होतं आणि हिसके देत होतं. नांगर मीच उचलला, शीडही मीच सोडलं.

"चल बाई," मी म्हटलं. "कुठं जायचंय तिथं चल."

नाळेवरच्या खलाशानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं, नुसता ओला काळा रंग. मग तो पुन्हा समोर बघायला लागला.

बंदर मागं पडलं. दीपस्तंभ मागं पडला. या गेममध्ये एका हद्दीपुढं जहाज जात नाही, आपोआप वळतं, हे मला माहीत होतं.

ते वळलं नाही.

गणराज माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसला. थोड्या वेळानं त्याचं डोकं कलंडलं. तो झोपला होता, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायचा तसा.

लाइट गेली. टीव्ही विझला. पंखा थांबला.

माझ्या हातातला कंट्रोलर थांबला नाही.

मी तो सोडला नाही. सोडता आला असता का, ते माहीत नाही.

पडवीची जमीन एकदा वर उचलली गेली आणि हळूच खाली बसली.

आई दारात उभी होती. तिनं डोळे मिटून घेतले होते.

लाइट आली तेव्हा बाहेर ऊन कललं होतं. टीव्हीवर जहाज नव्हतं, नुसतं पाणी. मी उठून तो गेम काढून टाकला. कन्सोलनं विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. मग रुचिकाचा फोन आला. तिचा आवाज रडवेला होता. दुपारी सगळे आत जेवायला बसले होते. पाणी कधी नव्हे ते कुंपणापर्यंत आलं आणि गेलं. बाटल्या, ग्लास, दिव्यांच्या माळा वाळूत पडल्यात. होडी नाही. किनाऱ्यावर कुठंच नाही. तुमच्यापैकी कुणी नेली का?

"नाही," मी म्हटलं. गणराज समोर बसून भात ओरपत होता. दोनदा वाढून घेतला त्यानं. मला त्याला बघून इतकं बरं वाटलं की बाकी कशाचा विचारच करावासा वाटेना. फक्त मला एका जागी बसवत नव्हतं. मी ओट्यावर जात होते आणि आत येत होते.

सकाळी आईनं हाक मारली. ओट्यावर केळीच्या पानांवर मासे मांडले होते. ताजी सुरमई, कल्ले अजून लाल. बाबा मांडायचे तशी सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. गणराजनं बघितलं, हिरामणला हाक मारून बोलावलं, त्यानंही बघितलं. हिरामणचा एक वाटा. गणराजचा एक.

आणि एका बाजूला, एकमेकांना चिकटून, दोन.

आई खाली वाकली, ते दोन वाटे उचलून माझ्यापुढं आणून ठेवले आणि दारातून बाजूला सरून मला वाट करून दिली. बाबांना द्यायची तशी.

"आज भरती कवा?" तिनं मला विचारलं.

"जेवन जाल्याव भरल," मी म्हणाले.

माझा मोबाइल आत चार्जिंगला लावलेला होता.