मातीत झाडलेला शेवटचा बार

ठासणीच्या बंदुकीत गोळी आणि दारूचं पटलं नाही तर बंदूक भांडते, असं माझा बाप म्हणायचा. मी बेचाळीस वर्षं लेथवर काम केलं. आता ओहायोच्या या डोंगरात, गॅरेजमध्ये शिशाच्या गोळ्या ओततो. शेजारचे शिकारी सल्ला विचारायला येतात, आणि फुकटचा असल्यामुळे ऐकूनही घेतात.

नोव्हेंबरात ऑरिन टॅकेट नवी बंदूक घेऊन आला. तिच्या नळीच्या तोंडाला मनगटाएवढा जाड सायलेन्सर कायमचा जोडलेला होता.

"आता म्हातारपणी चोऱ्या करणार की काय?" मी विचारलं.

"उजवा कान गेला, व्हर्न," तो बाकावर बसत म्हणाला. "डॉक्टर म्हणतो, डावा जपा. धडाके बंद."

"मग बोळे घाल की कानात."

"बोळे घातले की हरणाची चाहूल लागत नाही रे." मग खाली बघत म्हणाला, "चाळीस वर्षं नॅडिनची बडबड या कानानं ऐकली, त्या कानानं सोडली. आता ऐकायचीय."

मला त्याचं वाईट वाटलं. ऑरिन बायकोबद्दल असं कधी बोलत नाही.

त्याने प्लास्टिकच्या टोपणात बसवलेल्या गोळ्या आणल्या होत्या. त्या मी बाजूलाच ठेवल्या. नळीतून सुटताना टोपणाच्या पाकळ्या उघडतात आणि सायलेन्सरच्या आतल्या चकत्यांना धडकतात. चिंधीत गुंडाळलेली गोल गोळीही चालणार नव्हती, चिंधी आत अडकते. राहिली नळीभर बसणारी, चरबी चोपडलेली शिशाची लांबट गोळी. ती मी ओतून देतो म्हणालो.

मागच्या बांधावर आम्ही दारू तपासली. जुन्या काळ्या दारूने आवाज खोकल्याएवढा झाला, पण तीन बारांत सायलेन्सर काजळीने भरला. मग कमी काजळीची नवी दारू आणि सर्वात जड गोळी घेतली. हळू जाणारी गोळी कमी बोलते, हा साधा हिशेब. दारूचं माप मी दर बाराला कमी करत गेलो.

पाचव्या बाराला काहीच ऐकू आलं नाही. खोकला नाही, घोड्याची टिचकीही नाही. फक्त धूर आला आणि बांधावरची माती उडाली.

"हीच!" ऑरिन म्हणाला. "व्हर्न, लेका, तू जादूगार आहेस."

मी फुशारलो, खोटं कशाला बोलू? दारूचं माप आणि गोळीचं वजन मी वहीत लिहिलं. तेवढ्यात ऑरिनची कुत्री पेनी गाडीपाशी उभी दिसली. बार झाला की ती भुंकते. आत्ताही तिचं तोंड उघडझाप करत होतं, पण आवाज नव्हता.

"घसा बसलाय तिचा," ऑरिन म्हणाला. मलाही ते पटलं. थंडी होतीच.

पेनी त्यानंतर भुंकली नाही.

जानेवारीतला शिकारीचा चार दिवसांचा मोसम आला. ऑरिनने पहिल्याच दिवशी लांबवर, रानात एक हरीण पाडलं. शेवटच्या संध्याकाळी मी माझा मांसाचा वाटा न्यायला त्याच्या अंगणात गेलो. तो रिकाम्या हाताने, पण भरल्या बंदुकीने परतत होता.

भरलेली बंदूक आम्ही घरात नेत नाही. या नव्या बंदुकीचं मागचं बूच फिरवून काढता येतं आणि गोळी गजाने ढकलून बाहेर काढता येते. मी त्याला ते दोनदा दाखवलं होतं. पण ऑरिनच्या बापाने त्याला बंदूक मातीत झाडायला शिकवलं होतं, आणि शिकवण बुचापेक्षा घट्ट बसते. स्वयंपाकघराच्या बाजूला मातीचा उंचवटा आहे. त्याने तिकडे नेम धरला.

नॅडिनने खिडकी उघडली. "ऑरिन, बूट बाहेरच..."

त्याने बार काढला.

तिचं तोंड हलत राहिलं. वाक्य पुरं झालं, पुढचंही एक झालं. मग तिने गळ्याला हात लावला.

ऑरिनने आपला डावा कान दाबला. "व्हर्न, गेला का रे माझा कान?"

आतून किटलीची शिट्टी येत होती. ती त्यालाही ऐकू येत होती.

डॉक्टरांनी नॅडिनचा गळा तपासला. गळ्यात काही दोष नाही.

बंदूक मी माझ्याकडे आणली. साफ करताना गज आत घातला. गजावर माझी खूण आहे. नळी रिकामी असली की खूण तोंडाशी येते. ती दोन बोटं वर राहिली, म्हणजे नळी भरलेली होती. मी बूच काढून आत पाहिलं. आरपार उजेड दिसला. बूच लावून परत गज घातला.

दोन बोटं वर.

मी नळीच्या तोंडाला कान लावला. "...काढ, आत्ताच फरशी पुसलीय," नॅडिन म्हणाली. "आणि व्हर्नला जेवायला थांबव."

मी बंदूक हळूच भिंतीला टेकवली. दुसऱ्या दिवशी मी ऑरिनला सांगितलं. सांगायलाच हवं होतं.

"झाडून टाकू या," तो म्हणाला. "आवाज तिच्याकडे परत जाईल."

"आणि नाही गेला तर? पेनीचा आला का परत?"

बंदूक आम्ही झाडली नाही. आता तो रोज दुपारी येतो आणि नळीच्या तोंडाला डावा कान लावून बसतो. तीच दोन वाक्यं ऐकतो आणि घरी जातो.

काल तो बराच वेळ बसला.

"आज बुटांचं बोलली नाही," तो म्हणाला.

"मग?"

"विचारत होती, गोळी कोणी निवडली."

कान नळीवरून न काढता तो म्हणाला, "मी तुझं नाव सांगितलं."